भाडेकरूंनी घराची वाट लावली, डिपॉझिट ठेवून घेऊ का?

प्रश्न

मी ६४ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. पिंपळे सौदागरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मिस्टर गेल्यापासून त्याच्या भाड्याचाच माझ्या पेन्शनला आधार आहे. आयटीत नोकरी करणाऱ्या तीन मुलांना तो २२ महिने दिला होता. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००. पहिल्या ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. पुढचे ११ महिने 'कशाला पुन्हा खर्च' म्हणून तोंडीच वाढवले. गेल्या आठवड्यात किल्ल्या घेतल्या आणि आत पाऊल टाकताच रडू आलं. ओट्याचा ग्रॅनाइट फुटलेला, ट्रॉलीचं शटर लोंबतंय, हॉलच्या भिंतीला न विचारता एसीसाठी पाडलेलं भोक, सोफ्यावर सिगारेटचे चटके, गिझर बंद, बाथरूमचा दरवाजा खालून फुगलेला, बेडरूमच्या भिंतीला बुरशी. कंत्राटदाराने १,४८,००० चं कोटेशन दिलंय. शेवटचं २,३०० रुपयांचं लाइट बिलही त्यांनी भरलेलं नाही. मुलं म्हणतात, 'राहिल्यावर एवढं होतंच आंटी, डिपॉझिट पूर्ण द्या.' माझा भाऊ म्हणतो, एक पैसा देऊ नकोस, पार्किंगमध्ये त्यांची बाइक राहिलीय ती अडकवून ठेव आणि उरलेले ८२,००० वसूल कर. पोलिसांत जाऊ का? सोसायटीतले म्हणतात, बॅचलरना द्यायलाच नको होतं. तेही खरं का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, पत्रासोबत कोटेशन, जुना करार, फोटो, मुलांशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि घरातली कुठली वस्तू किती वर्षांची याची यादी जोडलीत, त्यामुळे मोघम बोलायची वेळ येत नाही. बँकेतली शिस्त दिसते. म्हणून मीही आकड्यानेच सुरुवात करते. तो तुम्हाला आवडणार नाही. माझ्या हिशेबाने या मुलांकडून तुमचं ८२,००० येणं नाही. उलट डिपॉझिटमधले ३२,२०० तुम्हीच त्यांना देणं लागता.

रागावू नका, पुढचं वाचा.

कंत्राटदाराने घर नव्यासारखं करायला किती लागतील ते सांगितलंय. त्याला तेवढंच विचारलं होतं. मुलांनी किती रुपयांचं नुकसान केलं हे त्याला कोणी विचारलेलं नाही आणि ते सांगणं त्याच्या फायद्याचंही नाही. या दोन आकड्यांमध्ये जी तफावत आहे ती घराच्या वयाची. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं १०८ वं कलम भाडेकरूला सांगतं की जागा घेतली तशी परत कर, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळतं. हे कलम भाडेपट्ट्यासाठी असलं तरी लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या, छापील मसुद्यांमध्येही बहुधा तेच वाक्य उतरलेलं असतं. तुमच्या करारात ते आहे, आणि खाली सही तुमचीही आहे.

दुसरं असं की, भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवताना पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्ती केली का, पावती कुठे, असं कोणी विचारत नाही. २२ महिन्यांचं भाडं ४,८४,०००. त्याचे ३० टक्के ढोबळमानाने १,४५,०००. म्हणजे कोटेशनच्या जवळपास जाणाऱ्या रकमेवर तुम्हाला करच लागलेला नाही. घर झिजतं हे प्राप्तिकर खात्यालाही मान्य आहे.

आता एकेक बाब घेऊ. कोटेशनमधला सगळ्यात मोठा आकडा रंगाचा, ५२,०००. सगळ्यात कच्चाही तोच. घराला शेवटचा रंग दिला चार वर्षांपूर्वी, या मुलांच्या आधीचे लोक राहत होते तेव्हा. भाड्याच्या घरातला साधा इमल्शन चार-पाच वर्षं टिकला म्हणजे त्याचे पैसे वसूल झाले. खिळ्यांची भोकं, कपाट सरकवल्याचे ओरखडे, स्विचच्या आजूबाजूचे हाताचे डाग, या सगळ्या माणसं राहिल्याच्या खुणा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा तयार केला. त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणी करायची याच्या दोन याद्या आहेत. भिंतींची रंगसफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या यादीत आहे. नळ, तुंबलेला निचरा, स्विच, कड्या-कुलुपं, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूच्या यादीत. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे तो दाखवून कोणाला दटावू नका. पण वजावटीची यादी करायला बसाल तेव्हा शेजारी ठेवायला उत्तम.

एजंट 'रंगाचं एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे' म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. पद्धत आहे, पण ती करारात लिहिलेली असेल तेव्हाच. तुमच्या करारात तसं कलम नाही. एसीचं भोक मात्र निराळं. दुसऱ्याच्या भिंतीला मशीन लावून कोअर कट मारायचा तर आधी विचारावं लागतं. ते भोक बुजवणं, प्लॅस्टर, पुट्टी आणि तेवढी एक भिंत रंगवणं, याचे ७,००० लावा.

बेडरूमची बुरशी तर त्यांच्या नावावर मुळीच घालू नका. फोटोत ओल खिडकीच्या कोपऱ्यापासून पसरलेली दिसते, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पावसाचं पाणी झिरपतंय. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि हो, जुलै महिन्यात याच भिंतीचा फोटो मुलांनी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही 'बघते' असं उत्तर दिलंत. हा स्क्रीनशॉट त्यांच्याकडेही असणार, तेव्हा हा विषय तुम्हीच काढणं शहाणपणाचं नाही.

ओटा. इथे तुमची बाजू पक्की आहे. 'सॉरी आंटी, ओट्यावर डंबेल पडलं' असा मेसेजच आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर डंबेल कशाला गेलं होतं, हे त्या तिघांनाच ठाऊक. ग्रॅनाइट नऊ वर्षांचा असला तरी त्याला म्हातारपण नसतं, त्यामुळे वयाची सूट देण्याचं कारण नाही. पण ओटा इंग्रजी 'एल'च्या आकाराचा आहे, फुटलाय तो सिंककडचा एकच तुकडा. अख्ख्या ओट्याचे २४,००० कशाला? तेवढाच दगड बदलायचा दर दुसऱ्या कारागिराकडून घ्या. रंगाची छटा शंभर टक्के जुळणार नाही, तेवढं सोसा. मी १४,००० धरते.

ट्रॉल्यांचे ३१,००० लावलेत. नऊ वर्षांत चॅनेल झिजतात, जाळ्यांना गंज चढतो, त्या बदलायची वेळ आलीच होती. उपटून काढल्यासारखं एक शटर आणि त्याच्या बिजागऱ्या एवढंच मुलांचं, ३,५००. सोफ्यावरचे सिगारेटचे चटके म्हणजे वापर नव्हे, हे मान्य. पण दहा वर्षांच्या सोफ्याच्या जागी नव्याचे १८,००० मागता येत नाहीत. जुन्या बाजारात तो केवढ्याला गेला असता? ३,००० म्हणजे चांगलाच भाव झाला. नळ, फ्लशची टाकी, तुंबलेली मोरी आणि फाटलेल्या जाळ्या यांच्या ५,००० पैकी ४,००० त्यांचे. एक नळ आधीपासूनच गळत होता, तुमच्याच यादीत लिहिलंय.

गिझरचे ९,५०० सोडा. सात वर्षं टँकरच्या जड पाण्यावर चाललेला गिझर, कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि कॉइल जळते. तिथे मुलं राहिली काय किंवा तुम्ही राहिलात काय, तो जाणारच होता. बाथरूमच्या दरवाजाचे ८,५०० सोडा. बाथरूमला लाकडी फ्लश दरवाजा लावला की तो खालून फुगतोच, नवा पीव्हीसीचा बसवा.

बेरीज करा. ७,०००, १४,०००, ३,५००, ३,००० आणि ४,००० मिळून ३१,५००. लाइट बिलाचे २,३०० धरून ३३,८००. डिपॉझिट ६६,०००. परत द्यायचे ३२,२००. माझे आकडे तुमच्याच कोटेशनवरून काढलेले आहेत. दुसऱ्या कारागिराकडून ताडून घेतल्यावर हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील.

मी एवढी काटकसर करायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे, तो तोंडी वाढवलेला करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे असं तुम्ही सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मुलांना एखादा बरा वकील भेटला तर तो पहिल्यांदा इथेच बोट ठेवेल. पुण्यात ऑनलाइन नोंदणीला हजार रुपये फी आणि भाड्याच्या हिशेबाने थोडं मुद्रांक शुल्क लागतं. एवढ्यासाठी ११ महिने उघड्यावर राहिलात.

दुसरी कच्ची बाजू म्हणजे, घर ताब्यात देताना ते कसं होतं याचा तुमच्याकडे एकही फोटो नाही. पाठवलेत ते सगळे आत्ताचे. ओट्याबद्दल त्यांचा कबुलीचा मेसेज आहे, एसी त्यांनीच लावला हे सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत आहे. बाकी सगळं तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द. डिपॉझिट जप्त करायचं कलम करारात असलं तरी भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार मिळते ती वाजवी भरपाई, सरसकट सगळी रक्कम नव्हे.

दुरुस्ती सुरू केली नाहीत हे फार चांगलं झालं. अजून हात लावू नका. दिवसाउजेडी दारापासून शेवटच्या बाल्कनीपर्यंत न थांबता एक व्हिडिओ काढा, मोडलेल्या वस्तू जवळून दाखवा, मीटरचं रीडिंगही घ्या. फुटलेला ग्रॅनाइटचा तुकडा फेकू नका. फोन बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला आणि ते मेसेज पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलंच तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील करून देतील, पण मूळ फोन शाबूत हवा. मग तिघांनाही घरी बोलवा. 'नंतर फोटो काढून आमच्या नावावर घातलं' ही पळवाट तिथल्या तिथे बंद होते, आणि फुटलेल्या ओट्यासमोर उभं राहिल्यावर 'राहिल्यावर एवढं होतंच' म्हणायला जीभ जरा अडखळते.

ते आले किंवा नाही आले तरी एक पत्र पाठवा, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्ट, तिन्ही मार्गांनी. भाषा कोरडी ठेवा: 'आपण अमुक तारखेला जागेचा ताबा दिला. पाहणीत आढळलेल्या नुकसानीची यादी, फोटो आणि दोन कोटेशन सोबत जोडली आहेत. वापराने झालेली झीज यात धरलेली नाही. नुकसानीचे ३१,५०० आणि वीजबिलाचे २,३०० वजा करून ३२,२०० परत करण्यास मी तयार आहे. कोणत्याही बाबीवर हरकत असल्यास १५ दिवसांत कारणांसह लेखी कळवावे.' 'वापराने झालेली झीज यात धरलेली नाही' हे वाक्य गाळू नका. उद्या तिसऱ्या माणसाने हे पत्र वाचलं तर तुम्ही सरळ माणूस आहात हे त्याला तिथेच कळेल. 'तुमच्या आईवडिलांनी हेच शिकवलं का' वगैरे मात्र नको. तुमच्या मसुद्यात ते दोनदा आलंय.

पैसे बँकेतूनच द्या आणि डिपॉझिट ज्या खात्यातून आलं होतं त्याच खात्यात. करारावर तिघांच्या सह्या आहेत, तेव्हा 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, आता काही येणं-देणं नाही' अशा पावतीवर तिघांच्याही सह्या घ्या. एकाला दिले आणि दुसरा दारात आला, असं खूप ठिकाणी होतं.

ते घासाघीस करतील. २८,००० कापा म्हणतील. ओट्याच्या आकड्याला घट्ट धरा, सोफ्यावर सोडून द्या. रिकामा फ्लॅट महिन्याला २२,००० खातोय, हे तुमच्या भावाने हिशेबात धरलेलं दिसत नाही. तीन हजारांसाठी दोन महिने भांडलात तर कोण जिंकलं?

भावाचा विषय निघालाच आहे तर बाइक. ती आजच्या आज मोकळी करा. तिचा फोटो काढा, घेऊन जा असा मेसेज टाका, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद करून द्या. थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवायचा अधिकार घरमालकाला नाही. आत्ता तक्रार करायला तुमच्याकडे जागा आहे, बाइक अडवलीत तर ती त्यांच्याकडे जाईल. तसंच, त्यांच्या कंपनीच्या एचआरला ईमेल करणं आणि सोसायटीच्या ग्रुपवर नावानिशी फोटो टाकणं, हे भावाचे पुढचे दोन सल्लेही बाजूला ठेवा. त्यातून पैसा एकही मिळत नाही, अब्रुनुकसानीची नोटीस मात्र येऊ शकते.

पोलिसांत जाऊन काही होणार नाही. मुद्दाम किंवा नुकसान होणार हे माहीत असूनही केलेली नासधूस हा गुन्हा आहे, हातून डंबेल पडणं नव्हे. चौकीत 'हा दिवाणी वाद आहे, मॅडम' एवढं ऐकून परत याल. ग्राहक आयोगाचाही इथे संबंध नाही, कारण भाडेकरू तुम्हाला कोणती सेवा विकत नव्हता.

समजा, मुलांनी पत्राला दादच दिली नाही. तर घाई तुम्हाला नाही, पैसे तुमच्याकडे आहेत. तरीही ३२,२०० बाजूला काढून ठेवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट चांगल्या शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते. दावा दाखल करण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. लोकअदालतीत समझोता झाला तर तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. दावा लावायचाच झाला तर मुदत साधारण तीन वर्षांची, पण ३१,५०० साठी तुम्ही तारखांना जावं असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी कराराला घराच्या स्थितीची यादी जोडा, खोलीवार, फोटोंसह, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. सहा महिन्यांतून एकदा आधी कळवून घर बघायला येईन, एसी किंवा ड्रिलिंगला लेखी परवानगी लागेल, आणि रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती, हे तिथेच लिहा. मुदत संपली की नवा करार, तोंडी काही नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती याही वेळी दिली होतीत, ती सवय चालू ठेवा. आणि तो सोफा काढून टाका. जुनं फर्निचर ठेवून भाडं फारसं वाढत नाही, भांडण वाढतं.

राहता राहिले बॅचलर. तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे की या मुलांच्या आधी एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलीने हॉलची भिंत खडूंनी रंगवली आणि म्हणून तुम्ही चार वर्षांपूर्वी रंग दिलात. तेव्हा सोसायटीत कोणी 'फॅमिलीला देऊ नका' म्हणालं होतं का? या तिघांनी २२ महिन्यांत भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे नेलं नाही, तुमचं पासबुकच सांगतंय. तेव्हा पुढचे भाडेकरू बॅचलर असोत की कुटुंब, आधी त्यांच्या जुन्या घरमालकाला फोन करा. आणि या तिघांसाठी उद्या तुम्हाला असा फोन आला तर ओट्याचंही सांगा, पाच तारखेचंही सांगा.